लक्झरी हायब्रिड एसयूव्ही पालघर-बोईसरमध्ये वापरायची तर

तारापूर एमआयडीसीतले कारखानदार, पालघरमधले डॉक्टर-वकील, डहाणूकडचे बागायतदार यांच्यात साठ-सत्तर लाखांच्या गाडीचा विषय निघाला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. डिझेल नको, इलेक्ट्रिकची अजून धास्ती वाटते, मग हायब्रिड घ्यावी का? शोरूममध्ये या प्रश्नाचं उत्तर मायलेजच्या आकड्यात मिळतं. पण आपल्याकडे गाडीला चिल्हार फाट्यावरचे कंटेनर, वाघोबा खिंडीचा उतार, चिंचणी-सातपाटीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसायचा असतो. काही बिघडलंच तर कंपनीचं वर्कशॉप मुंबई-ठाण्याकडे. ही गाडी इथे रोज वापरताना काय अनुभव येतो, कशाची काळजी घ्यावी लागते आणि पैसा नेमका कुठे जातो, ते इथे मांडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: पेट्रोल वाचवण्यासाठी ही गाडी घेऊ नये. कोंडीत आणि घाटात जो निवांतपणा मिळतो त्यासाठी घ्यावी, आणि तीही देखभालीची शिस्त असेल तरच.

हायब्रिड म्हणजे नेमकी कोणती?

बाजारात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात आणि इथेच बरेच जण फसतात.

पहिली माइल्ड हायब्रिड. मर्सिडीझची जीएलसी किंवा व्होल्वोची एक्ससी६० यांत ४८ व्होल्टची छोटी यंत्रणा असते. ती इंजिनाला जोर देते, सिग्नलला बंद झालेलं इंजिन अलगद सुरू करते, पण गाडी फक्त विजेवर चालवत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रिड. लेक्ससची एनएक्स ३५०एच आणि आरएक्स ३५०एच या त्यातल्या. यांच्यात विजेची मोटर एकटी गाडी ओढू शकते, इंजिन मध्येच बंद होतं, पुन्हा सुरू होतं आणि बॅटरी चालता चालताच भरते. प्लग लावायचा नाही. तिसरी प्लग-इन हायब्रिड, बीएमडब्ल्यूच्या एक्सएमसारखी. तिची बॅटरी मोठी असते आणि घरी चार्जिंग करावं लागतं. ते केलं नाही, तर जड बॅटरी उगाच वाहून नेणारी ती एक पेट्रोल गाडी ठरते.

या लेखात यापुढे हायब्रिड म्हणजे स्ट्राँग हायब्रिड. लक्झरी एसयूव्हीत हा प्रकार २००५मध्ये लेक्ससच्या आरएक्स ४००एचने आणला. भारतात लेक्सस २०१७मध्ये आली आणि सध्याची एनएक्स ३५०एच मार्च २०२२पासून इथे मिळते. हेच तंत्र कमी पैशात हवं असेल तर टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आहे. ती आपल्या भागात भरपूर दिसते आणि या लेखातलं बरंचसं तिलाही लागू पडतं.

आत काय चालतं

स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीबद्दल मोठा गैरसमज आहे. ती इलेक्ट्रिक गाडीसारखी मोठी नसते. एक-दोन किलोमीटर विजेवर जाईल एवढीच वीज तिच्यात मावते. तिचं काम साठा करण्यापेक्षा उलाढालीचं असतं. ब्रेक लावला की मोटर जनरेटरचं काम करून वीज बनवते आणि ती बॅटरीत जाते. निघताना तीच वीज मोटरला मिळते. त्यामुळे पेट्रोल इंजिनाला सगळ्यात त्रासाचं काम, म्हणजे शून्यातून गाडी हलवणं, करावंच लागत नाही.

टोयोटा-लेक्ससच्या पद्धतीत नेहमीचा गिअरबॉक्स नसतो. ग्रहमालेसारख्या दातेरी चाकांचा एक संच इंजिन आणि दोन मोटरना जोडतो. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही. झिजणारे भाग कमी, म्हणून या गाड्या टिकाऊ म्हणून ओळखल्या जातात. एनएक्स ३५०एचमध्ये मागच्या चाकांना स्वतंत्र मोटर आहे. पुढून मागे जाणारा लोखंडी दांडाच नाही, तरी गरज पडली की चारही चाकं ओढतात. पावसात कच्च्या रस्त्यावरून बागेपर्यंत जायला हे पुरतं. शेतातल्या चिखलातून जायची मात्र ही गाडी नव्हे.

कोंडी, खिंड आणि मोकळा महामार्ग

बोईसरहून मुंबईला निघालं की आधी बेटेगाव, नागझरी करत चिल्हार फाटा, मग राष्ट्रीय महामार्ग ४८, मनोरचा मस्तान नाका, खानिवड्याचा टोलनाका, विरार फाटा आणि पुढे वसई खाडीवरचा वर्सोवा पूल. या वाटेवर आणि आसपास मिळून तीन प्रकारचा रस्ता लागतो आणि गाडी प्रत्येक ठिकाणी वेगळी वागते.

मोकळ्या महामार्गावर ८०-१००च्या वेगाने जाताना हायब्रिडचा फायदा सगळ्यात कमी. तिथे ब्रेक लागत नाही, म्हणून वीज परत मिळत नाही, आणि बहुतेक वेळ इंजिनच गाडी ओढतं. ट्रेलरला ओलांडताना पेडल जोरात दाबलं की इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि वेग मागाहून वाढल्यासारखा वाटतो. डिझेलची सवय असलेल्यांना हे पहिले काही दिवस खटकतं. पेडल हळू दाबायची सवय लागली की आवाजही उतरतो.

कोंडीत चित्र पालटतं. घोडबंदर ते तलासरी पट्ट्यात महामार्गाच्या काँक्रीटीकरणाचं काम सुरू झाल्यापासून डायव्हर्जन आणि रांगा आपल्या पाचवीला पुजल्या आहेत. अशा रांगेत तासभर अडकलं तरी इंजिन बहुतेक वेळ बंद असतं. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारीही गारवा कमी होत नाही. इंजिनाची घरघर नाही, थरथर नाही. पुढच्या टँकरमागे गाडी आवाज न करता सरकत राहते. घरी पोचल्यावर अंगात त्राण उरलेलं असतं, आणि माझ्या मते या गाडीची खरी कमाई ती हीच.

या कोंडीत एक जुनी सवय नडते. रांगेत थांबलं की आपले ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकतात. टोयोटा-लेक्ससच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलवर बॅटरी भरत नाही, आणि एसी मात्र तिच्यावरच चालू असतो. अर्धा तास असा गेला की डॅशबोर्डवर बॅटरीची पातळी तळाला आलेली दिसते आणि इशारा येतो. ब्रेकवर पाय ठेवून ‘डी’मध्ये थांबावं. फार वेळ थांबायचं असेल तर ‘पी’ लावावा. ‘पी’मध्ये गरज पडली की इंजिन आपोआप सुरू होऊन बॅटरी भरतं. ड्रायव्हर ठेवला असेल तर पहिल्याच दिवशी त्याला हे दाखवून द्या. तसंच गाडी बंद करायचीही आठवण करून द्या. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे ‘रेडी’ दिवा लागलेला असतानाच गाडी सोडून जाण्याचे प्रकार होतात.

तिसरा प्रकार घाटाचा. पालघरहून मनोरला जाताना वाघोबा खिंड लागते. चढताना इंजिन आणि मोटर दोघंही जोर लावतात. उतरताना पाय पेडलवरून काढला की स्क्रीनवर वीज चाकांकडून बॅटरीकडे जाताना दिसते. खिंड छोटी आहे, म्हणून मिळालेली सगळी वीज बॅटरीत मावते. जव्हार-मोखाड्याकडच्या लांब उतारावर मात्र बॅटरी मध्येच भरून जाते. मग गाडी वेग आवरण्यासाठी इंजिन फिरवते आणि अचानक मोठा आवाज येतो. नवे मालक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन लावतात. हा बिघाड नाही. लांब उतारावर गाडीत दिलेला ‘बी’ किंवा ‘एस’ वापरावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

मायलेज आणि पैशाचा हिशेब

कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. हायक्रॉस हायब्रिडचा असा अधिकृत आकडा लिटरला २३.२४ किलोमीटर आहे. रस्त्यावर तेवढं मिळेल असं धरून चालू नये. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, तेव्हा थोडं मायलेज तिथेही जातं.

समजा वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणं आहे. याच आकाराची पेट्रोल एसयूव्ही १० चं ॲव्हरेज देते आणि हायब्रिड १५ चं. एकीला १,५०० लिटर लागतील, दुसरीला १,०००. लिटरचे १०४ रुपये धरले तर वर्षाला ५२,००० रुपये वाचले. आता ७० लाखांची गाडी पूर्ण कर्जावर, ९ टक्के व्याजाने घेतली, तर पहिल्या वर्षाचं व्याजच सहा लाखांच्या आसपास जातं. त्यात विमा आणि नवी गाडी शोरूमबाहेर पडताच घसरणारी किंमत मिळवा. या हिशेबात पेट्रोलची बचत फार छोटी आहे. ती नाकारायची नाही, पण त्या एका कारणासाठी कर्ज काढू नये.

कराची गणितंही बदलली आहेत. २१ सप्टेंबर २०२५पर्यंत मोठ्या पेट्रोल एसयूव्हीवर जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्के लागायचे, हायब्रिडवर ४३. दुसऱ्या दिवसापासून दोन्हींवर सरसकट ४० टक्के झाले. गाड्या स्वस्त झाल्या, पण पेट्रोलपेक्षा हायब्रिडला असलेली सवलत संपली. इलेक्ट्रिकवर मात्र ५ टक्केच आहे. महाराष्ट्रात २० लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स बसतो आणि हायब्रिडही त्यातच मोडते. म्हणजे ६५ लाखांच्या गाडीला साडेआठ लाखांच्या आसपास.

एमआयडीसीतल्या मंडळींसाठी इथे थोडं थांबतो. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर रोड टॅक्सचा दर वैयक्तिक नोंदणीपेक्षा चढा असतो. प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट एरवी मिळत नाही. आयकरात हायब्रिडला घसारा इतर गाड्यांसारखा १५ टक्के, तर इलेक्ट्रिकला ४० टक्के. ‘कंपनीच्या नावावर घ्या, सगळं वजा होतं’ असं कोणी सांगितलं तर सही करण्याआधी आपल्या सीएला विचारा. दहा लाखांवरच्या गाडीवर शोरूम जो १ टक्का टीसीएस घेतं, तो रिटर्न भरताना आपल्या करात वळता करून घेता येतो. बरेच जण तो विसरतात.

खारी हवा आणि एमआयडीसीची धूळ

पालघरमध्ये या गाडीची सगळ्यात मोठी परीक्षा इथे आहे आणि शोरूममध्ये याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

हायब्रिडचे ब्रेक पॅड फार टिकतात, हे खरं. वेग कमी करायचं काम बहुतांश मोटर करते. पण जो ब्रेक कमी घासला जातो त्याच्या डिस्कवरचा गंजही निघत नाही. केळवे, शिरगाव, सातपाटी, नांदगाव, चिंचणी या किनारपट्टीत घर असेल आणि गाडी चार-पाच दिवस उभी राहिली असेल, तर सकाळी चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून बघा. डिस्कवर तांबूस थर दिसेल. साध्या गाडीत तो नाक्यापर्यंत जाईतो घासून निघतो. हायब्रिडमध्ये तो राहतो, कडेला जमत जातो, आणि पुढे ब्रेक लावताना खरखर आणि हलका हादरा जाणवू लागतो. उपाय सोपा आहे. रिकामा रस्ता, मागे कोणी नाही असं पाहून आठवड्यातून दोन-तीन वेळा जरा दाबून ब्रेक लावावा. वर्षातून एकदा कॅलिपरच्या पिना उघडून साफ करून ग्रीस लावायला सांगावं. पॅड शिल्लक आहेत म्हणून वर्कशॉपवाले चाक न उघडताच ‘ब्रेक ओके’ लिहून देतात. तेव्हा हे काम नाव घेऊन सांगा.

दुसरी गोष्ट बॅटरीच्या श्वासाची. हायब्रिड बॅटरी तापते आणि बऱ्याच मॉडेलमध्ये ती केबिनमधल्या हवेवर थंड होते. ही हवा सीटच्या खाली किंवा बाजूला असलेल्या एका जाळीतून आत जाते. त्या जाळीमागे छोटा फिल्टर असतो. तारापूर औद्योगिक क्षेत्राचं नाव २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात देशात सगळ्यात वर होतं. ट्रकांनी उडवलेली धूळ, कारखान्यांच्या हवेतली भुकटी आणि लहान मुलांच्या हातातल्या बिस्किटांचा चुरा, सगळं त्या फिल्टरवर बसतं. तो तुंबला की पंख्याचा घुंईं आवाज वाढतो, बॅटरी तापते आणि गाडी ताकद कमी करते. गाडीच्या पुस्तिकेत जाळीची जागा चित्रासह दिलेली असते. ती शोधा, तिच्यावर पिशवी, उशी, पायपुसणं ठेवू नका आणि दर सर्व्हिसिंगला फिल्टर काढून बघा. एसीचा केबिन फिल्टरही इथे कंपनीने सांगितलेल्या मुदतीआधी बदलावा लागतो.

गाडी समुद्राच्या वाळूत नेऊ नका. नेलीच तर त्याच दिवशी खालून साध्या पाण्याने धुवून घ्या. धुणाऱ्याला मात्र प्रेशरचा फवारा नारिंगी केबल आणि जोडण्यांवर मारू देऊ नका.

पावसाळा

नारिंगी केबल म्हणजे उच्च दाबाची वीज. ही यंत्रणा पाण्यापासून चांगली बंदिस्त केलेली असते, पावसात गाडी चालवायला काही धोका नाही. धोका साचलेल्या पाण्याचा. पाण्याची खोली ठाऊक नसेल तर थांबावं. विजेवर चालते म्हणून पाण्यातून जाईल हा समज चुकीचा आहे; पुढे इंजिन आहेच आणि ते पाणी ओढू शकतं. गाडी बुडालीच तर पाणी ओसरल्यावर सुरू करून बघू नये, नारिंगी केबलला हात लावू नये, सरळ विमा कंपनीला आणि वर्कशॉपला कळवावं. विमा घेताना झिरो डेप्रिसिएशनबरोबर इंजिन संरक्षण आणि हायब्रिड बॅटरीसाठीचं कलम आहे का, ते वाचून घ्या.

पावसात उंदीर कोरडी जागा शोधत बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. भाताच्या खाचराला लागून घर असेल तर हा त्रास ठरलेला. हायब्रिडमध्ये वायरींचं जाळं मोठं आणि महाग असतं. दर आठवड्याला बॉनेट उघडून बघणं हाच खात्रीचा उपाय.

छोटी बॅटरी, मोठी डोकेदुखी

हायब्रिड मालकांची सगळ्यात नेहमीची अडचण मोठ्या बॅटरीची नसते, साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीची असते. दारं, स्क्रीन आणि संगणक तिच्यावर चालतात. ती उतरली तर मोठ्या बॅटरीत वीज असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. धक्का मारून सुरू करायचा पर्याय या गाडीत नाही. परदेशी गेलात किंवा गाडी पंधरा दिवस उभी राहिली, वर डॅशकॅम आणि जीपीएस ट्रॅकर लावलेला असेल, तर हे होतंच.

चावीची जागाही बघा. अंगणात गाडी आणि भिंतीपलीकडे खुंटीवर स्मार्ट चावी, अशी आपल्याकडच्या घरांची रचना असते. चावी जवळ असली की गाडी तिच्याशी संपर्क ठेवत राहते आणि बॅटरी खर्ची पडते. चावी आतल्या खोलीत ठेवा. गाडी न वापरण्याच्या दिवसांतही आठवड्यातून एकदा अर्धा तास ‘रेडी’वर ठेवा, किंवा सरळ फेरी मारून या. चावीच्या पोटात लपवलेली धातूची किल्ली कुठून निघते ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

टायर, स्टेपनी, सर्व्हिसिंग

टायरवर २३५/५० आर२० असं लिहिलेलं असेल तर रबराची उंची साधारण ११७ मिलिमीटर. खड्ड्यात बसलेला दणका पचवायला एवढीच गादी. अर्धवट काँक्रीटच्या उभ्या कडेवरून चढताना टायरला फुगा येतो. हे टायर बोईसरच्या दुकानात तयार मिळतीलच असं नाही. स्टेपनी आहे का, आणि ती पूर्ण मापाची की ताशी ८० किलोमीटरपर्यंतच चालवायची बारीक चाकाची, हे गाडी घेण्याआधी डिकी उघडून पाहा.

गाडी बंद पडली तर ती सपाट पाठीच्या टोइंग गाडीवर पूर्ण चढवून न्यायची. चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरून यंत्रणा बिघडते. महामार्गावरच्या हेल्पलाइनवर फोन केल्यावर हे पहिल्याच वाक्यात सांगा.

स्थानिक गॅरेजकडून पंक्चर, अलाइनमेंट, वायपर, १२ व्होल्टची बॅटरी एवढी कामं खुशाल करून घ्या. पुढचं काम प्रशिक्षित माणसाचं. म्हणजे सर्व्हिसिंगला एक दिवस मुंबईत मोडतो. काही कंपन्या गाडी घरून नेऊन परत आणून देतात. ही सोय पालघर-बोईसरपर्यंत आहे की विरारलाच संपते, ते लेखी घ्या. टोयोटाची हायब्रिड बॅटरीवरची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे. ती टिकवायची तर सर्व्हिसच्या नोंदी वेळेवर हव्यात. जुनी हायब्रिड घेणाऱ्यांनी बॅटरीच्या तपासणीचा कागद मागितल्याशिवाय बयाणा देऊ नये.

कोणी घ्यावी, कोणी नको

आठवड्यातून दोन-तीनदा मुंबईच्या कोंडीत जाणं असेल, घरी चार्जर बसवण्याची सोय नसेल आणि गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल, तर स्ट्राँग हायब्रिड ही आपल्या भागातली सगळ्यात शहाणपणाची लक्झरी गाडी आहे. फिरणं पालघर-बोईसर-डहाणू एवढंच असेल आणि दारात चार्जर बसत असेल, तर इलेक्ट्रिक पैशाला जास्त परवडेल. वर्षभर सुरत-अहमदाबादकडे मोकळ्या महामार्गावर धावायचं असेल, तर डिझेल अजूनही मागे पडलेलं नाही. आणि गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर निघणार असेल तर हायब्रिड घेऊ नका. ती वापराने चांगली राहते, उभी राहून बिघडते.

ट्रायल मागताना शोरूमभोवतीची फेरी मान्य करू नका. गाडी इकडे मागवा, घरच्या सगळ्यांना बसवा, मस्तान नाक्यावरून पालघरला वाघोबा खिंडीने आणा, बोईसरच्या बाजारातून संध्याकाळी फिरवा, आणि मगच चेकवर सही करा.